इंजिन तापतंय? आधी मागे पाणी येतंय का बघा

आमच्या काकांची एक सवय आहे, बोट चालू केली की पुढे बघायच्या आधी ते मागे वळून बघतात. लहानपणी मला वाटायचं किनाऱ्यावर कोणाला तरी हात करतात. बऱ्याच वर्षांनी कळलं की ते पाणी बघतात, म्हणजे इंजिनमधून फिरून जे पाणी बाहेर पडतं ते नीट पडतंय की नाही, धार नेहमीसारखी आहे की बारीक झालीय, त्यात वाफ आहे का. दोन सेकंदांचं काम आहे पण माझ्या मते बोट चालवणाऱ्याला याच्याइतकी महत्त्वाची दुसरी सवय नाही, आणि हल्ली नवीन पोरं डायरेक्ट गिअर टाकून निघतात म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

एकदा डिसेंबरमध्ये मालवणजवळच्या देवबागला कर्ली खाडीत होतो, फायबरची छोटी बोट, मागे बाहेरून लावलेलं आउटबोर्ड मशीन, सात-आठ पर्यटक. सुकती लागली होती, म्हणजे ओहोटी, पाणी कमी आणि वाळूचे पट्टे वर यायला लागलेले. खाडी समुद्राला मिळते त्या संगमावरून परत येताना मशीनने बीप बीप सुरू केलं आणि स्पीड आपोआप पडला. हँडलवर माझा चुलतभाऊ, त्याला वाटलं मशीन दम टाकतंय म्हणून तो अजून रेस द्यायला लागला. काका पुढून ओरडले, "रेस कमी कर आधी! मागे बघ, पाणी येता काय?" बघितलं तर येत नव्हतं, एक थेंब नाही. नांगर टाकला, मशीन बंद केलं, वर उचललं, तर खाली ज्या जाळीतून पाणी आत जातं तिथे वेफर्सची पिशवी अशी चिकटून बसलेली जणू कोणी गमने लावलीय. काढली, वीसेक मिनिटं थंड होऊ दिलं, चालू केलं, धार आली, घरी आलो. नुकसान शून्य. तशीच रेस देत राहिला असता तर दोन-चार मिनिटांत पिस्टन पकडला असता, मशीन जागेवर जाम, आणि मग नवीन मशीनचा आकडा तुम्हाला माहितीच आहे.

आता इंजिन तापतं म्हणजे नेमकं काय होतं ते बघू, कारण आतलं काम एकदा डोळ्यासमोर आलं की काय करायचं ते पाठ करावं लागत नाही, आपोआप सुचतं.

पाणी तापवायचा तांब्याचा बंब आठवा. मधोमध नळी, नळीत जाळ, आणि नळीच्या भोवती पाणी. इंजिनचा सिलिंडर म्हणजे अगदी हेच. मधे जाळ, बाहेरून पाण्याचं जॅकेट. फरक एवढाच की बंबात आपल्याला पाणी गरम हवं असतं आणि इंजिनात पाण्याने उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकावी असं आपल्याला हवं असतं. सिलिंडरच्या आत जळताना क्षणभर तापमान 2000 अंशांच्याही वर जातं. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, बिडाचं लोखंड साडेअकराशे-बाराशेला. म्हणजे जाळ धातूपेक्षा कितीतरी गरम आहे आणि तरी धातू टिकतो, तो फक्त भोवतीचं पाणी सतत फिरतंय म्हणून. बंबात पाणी न घालता जाळ केला तर बंबाचं काय होतं ते ज्यांच्या घरी झालंय त्यांना विचारा.

किती उष्णता? डिझेल जळतं त्यातली साधारण एक तृतीयांश, चांगलं इंजिन असेल तर 40 टक्क्यांपर्यंत ताकद बोटीचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, फिरवायला मिळते. बाकीची सगळी उष्णता, काही धुरातून जाते आणि पाव हिस्सा वगैरे पाण्याने उचलावी लागते. 100 हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन फुल लोडवर चालतंय तर पाण्याला ढोबळ हिशेबाने 50 किलोवॅट उष्णता उचलावी लागते. घरचा गिझर 2 किलोवॅटचा असतो. म्हणजे तुमच्या पायाखाली इंजिनच्या लाकडी पेटीत 25 गिझर एकदम चालू आहेत आणि ती सगळी उष्णता समुद्रात टाकायला मिनिटाला तीन-चार बादल्या पाणी आत जाऊन बाहेर आलं पाहिजे. हे पाणी एक मिनिट थांबलं तरी ती उष्णता कुठे जाणार? धातूतच साचणार. म्हणून बोटीचं इंजिन तापायला लागलं की फार वेगाने तापतं. गाडीला निदान समोरून वारा लागतो, बोटीचं इंजिन पेटीत बंद असतं, आणि बरेच जण त्या पेटीवर आणि आजूबाजूला जाळी, दोर, रेनकोट, काय काय कोंबून ठेवतात. इंजिनला श्वास घ्यायलाही हवा लागते, ती जागा मोकळी ठेवा.

आता पाणी फिरवायच्या दोन पद्धती आहेत आणि आपल्या बोटीत कुठली आहे हे माहीत असणं फार गरजेचं आहे.

पहिली साधी. समुद्राचं पाणी थेट आत घ्यायचं, इंजिनभोवती फिरवायचं, बाहेर सोडायचं. आउटबोर्ड जवळजवळ सगळी अशीच चालतात. खाली गिअरच्या वर एक पंप असतो, त्यात रबरी पात्यांचं चाक, त्याला इंपेलर म्हणतात, तो पाणी वर ढकलतो. त्यातलंच थोडं पाणी बाजूच्या छोट्या भोकातून बारीक धार होऊन बाहेर पडतं, ती धार कंपनीने मुद्दाम ठेवलेली असते, आपल्याला दिसावी म्हणून. पण या पद्धतीला एक मर्यादा आहे, मीठ. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि पाणी 60 अंशांच्या वर जायला लागलं की त्यातले चुन्यासारखे क्षार आतल्या भिंतींवर पापुद्रा धरायला लागतात. बंबाच्या आत किंवा गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो ना, तोच प्रकार, फक्त इथे फार पटकन. म्हणून थेट समुद्राच्या पाण्यावरची इंजिनं मुद्दाम थंड चालवतात, साधारण 50-60 अंशांवर.

दुसरी पद्धत मोठ्या बोटींची, आतल्या डिझेल इंजिनची. इथे इंजिनभोवती गोडं पाणी आणि कूलंट फिरतं, ते आतल्या आत गोल गोल फिरत राहतं, आणि समुद्राचं पाणी त्याला फक्त बाहेरून थंड करतं. गरम दुधाचं पातेलं आपण थंड पाण्याच्या परातीत ठेवतो, दूध आणि पाणी कुठेही मिसळत नाही पण दूध निवतं, तसंच. ती परात म्हणजे हीट एक्स्चेंजर, आपल्याकडचे मिस्त्री त्याला नुसतं कूलरच म्हणतात. एका बाजूने नळ्यांच्या जुडग्यातून खारं पाणी जातं आणि नळ्यांच्या बाहेरून गरम गोडं पाणी. काही बोटींत हा कूलर आत नसतोच, गोड्या पाण्याच्या नळ्याच बोटीच्या तळाला बाहेरून लावलेल्या असतात आणि समुद्र त्यांना थंड करतो. या पद्धतीत इंजिन 75 ते 90 अंशांवर आरामात चालतं, आणि डिझेल इंजिनला हेच मानवतं.

म्हणजे कूलर आत असेल तर दुसऱ्या पद्धतीत दोन वेगळी पाणी आहेत, दोन वेगळे पंप आहेत, आणि बिघाड दोन्हीकडे होऊ शकतो. इंजिन तापल्यावर पहिला प्रश्न हाच, खाऱ्या पाण्याने दगा दिला की गोड्या पाण्याने? मागे पाणी बघायचं ते यासाठी. मागे धार नीट येतेय म्हणजे खाऱ्याची बाजू बहुतेक ठीक, आत गोड्याकडे बघा. धार नाही किंवा बारीक आहे किंवा पाण्याऐवजी वाफ येतेय म्हणजे खाऱ्याची लाईन तुंबलीय. जास्त वेळा हेच निघतं.

काट्याबद्दल एक गोष्ट सांगतो जी बऱ्याच जणांना माहीत नसते. तापमानाचा काटा उशिरा बोलतो. समुद्राचं पाणी बंद झालं तरी आतलं गोडं पाणी तापून काटा चढायला थोडा वेळ जातो, पण मागची धार त्याच क्षणी थांबलेली असते. आणि त्याहून वाईट म्हणजे गोडं पाणी कुठून तरी गळून संपलं असेल तर सेन्सर पाण्यात बुडालेला राहतच नाही, तो मोकळ्या हवेत लटकतो, आणि मग इंजिन लाल व्हायला आलेलं असतं आणि काटा मात्र नॉर्मल दाखवतो किंवा चक्क खाली येतो. चढलेला काटा अचानक खाली आला की लोकांना हायसं वाटतं, तिथे खरं तर धडकी भरली पाहिजे. काट्यासोबत नाक आणि कानही वापरा. जळक्या रबराचा किंवा रंगाचा वास, एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या नळीचा, आवाज एकदम कोरडा आणि मोठा झाला, ही काट्याच्या आधीची लक्षणं. पाणी मिसळलेला एक्झॉस्ट बुळबुळ बुळबुळ असा मऊ वाजतो, पाणी गेलं की तोच फटफट करायला लागतो, हा फरक कानाला एकदा कळला की झोपेतही कळेल.

बरं, तापलंच तर काय करायचं.

रेस कमी. लगेच. न्यूट्रलला आणा. मग आजूबाजूला बघा की बोट कुठे वाहत जातेय, खडक आहेत का, लाटा फुटतायत का, आणि उथळ असेल तर नांगर टाका. इंजिनच्या आधी नांगर, कारण इंजिन बघण्यात सगळे डोकं घालून बसतात आणि बोट खडकावर जाते. आणि समजा तुम्ही खाडीच्या तोंडावर आहात, लाटा फुटतायत, बोटीत माणसं आहेत, नांगर धरत नाहीये, तर तापलेल्या इंजिनवरच बाहेर या, इंजिन गेलं तर जाऊ दे. माणसं घरी गेली पाहिजेत, एवढा साधा हिशेब आहे, त्यात दोनदा विचार करू नका.

जागा सुरक्षित असेल तर मागे पाणी बघा. येत नसेल तर इंजिन बंद करा, तसंच चालू ठेवून शोधाशोध करू नका. नीट येत असेल तर न्यूट्रलमध्ये हळू चालू द्या दोन-तीन मिनिटं, एकदम बंद केलं की आतलं पाणी फिरायचं थांबतं आणि धातूत साचलेली उष्णता त्याच जागी राहून काटा उलट चढतो. हळू चालवल्यावर काटा उतरायला लागला तर समजायचं की लोड जास्त होता, पंख्यात काही अडकलंय का बघा. नाही उतरला, चढतच राहिला, तर बंद.

मग थांबायचं. हे सगळ्यात अवघड असतं कारण सगळे तुमच्याकडे बघत असतात. अर्धा-पाऊण तास थांबा. आणि या वेळात गोड्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. कुकरची शिट्टी पडायच्या आधी, वाफ कोंडलेली असताना झाकण उघडतो का आपण? ते झाकण म्हणजे छोटा कुकरच आहे, दाबामुळे आतलं पाणी 100 च्या वर गेलं तरी उकळत नाही, कुकरमध्ये 120 पर्यंत जातं तसंच. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि त्यातल्या काही पाण्याची एका क्षणात वाफ होऊन ते उकळतं पाणी तुमच्या तोंडावर, हातावर, छातीवर येतं. चेहरा आणि डोळे आयुष्यभराचे जातात हो. हाताने वरचा रबरी पाईप दाबून बघा, टणक लागला तर दाब अजून आहे, मऊ लागला तर जाड ओलं फडकं टाकून तोंड बाजूला ठेवून हळूहळू पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवा, फुस्स आवाज थांबू द्या, मग काढा.

आणि इंजिन तापलंय म्हणून बादलीने समुद्राचं पाणी वर ओतायचं नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, ओतताना एक टक असा आवाज आला आणि ब्लॉक क्रॅक गेला. तापलेल्या तव्यावर गार पाणी टाकल्यावर तवा कसा वाकतो तेच. टाकीत भरायचं तेही इंजिन कोमट झाल्यावर, थोडं थोडं. गोडं पाणी नसेलच तर प्यायच्या पाण्याच्या बाटल्या ओता, तेही संपलं तर अगदीच नाइलाजाने समुद्राचं पाणी टाकीत घालून हळूहळू घरी या, पण आल्याबरोबर त्याच दिवशी सगळं काढून गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, उद्या करू म्हणून ठेवलंत की आत गंज सुरू.

पेटीतून धूर येत असेल तर पेटी एकदम सताड उघडू नका, आत धुमसत असेल तर हवा मिळाल्यावर भडकेल. आधी आग विझवायचा सिलिंडर हातात, मग पेटी फटीएवढीच उघडा. आणि प्रकरण आपल्या हाताबाहेर आहे असं वाटलं तर लाज न बाळगता मदत मागा, कोस्ट गार्डचा 1554 हा नंबर टोल फ्री आहे, मोबाइलला रेंज नसेल तर बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल 16. हे बॅटरी संपायच्या आधी करायचं.

थंड होईपर्यंत शोधायला काय हरकत आहे, फक्त गरम भागांना हात न लावता. खाऱ्या पाण्याच्या रस्त्याने पाण्याबरोबर चालत जायचं, बाहेरून आत. तळाला पाणी जिथून आत येतं तिथला कॉक उघडा आहे का, हसू नका, सीझनच्या पहिल्या दिवशी हा कॉक बंद राहिल्याने कितीतरी इंजिनं तापतात. मग स्ट्रेनर, म्हणजे पाण्याची गाळणी, कॉक बंद करून ती उघडायची, तिच्यात प्लॅस्टिक, शेवाळ, गाळ, कधी जेलीफिश, काहीही निघतं. जेलीफिशचे थवे येतात तेव्हा तर तासातासाला गाळणी काढावी लागते, ती चिकट असते, नुसती झटकून जात नाही. गाळणी लावताना झाकणाचं रबर नीट बसवा, तिथून हवा ओढली गेली तर पंप पाण्याऐवजी हवा पीत बसतो, गळतीही दिसत नाही कारण पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. मग पंप फिरवणारा बेल्ट, तुटलाय का, सैल झालाय का. मग इंपेलर.

इंपेलरवर जरा थांबतो कारण निम्म्या गोष्टी इथेच येऊन थांबतात. ते रबरी चाक पाण्यावरच फिरतं, पाणीच त्याचं वंगण आहे. कोरडं फिरलं की काही सेकंदांत पात्या घासून तापतात, मिनिटभरात जळतात. आउटबोर्ड घरी आणून पाण्याशिवाय "फक्त चालू होतंय का बघू" म्हणून ज्यांनी चालू केलंय त्यांनी त्या दिवशी इंपेलर मारलाय, कळलं असेल पुढच्या फेरीला. आमच्या देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात उथळ पाण्यात वाळू उडते, ती पंपात जाऊन पात्यांना कानशीसारखी घासते, म्हणून इकडे इंपेलर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच जातो. आम्ही दर वर्षी बदलतो, चांगला दिसत असला तरी. आणि एक गोष्ट जी शिकवायला कोणी भेटत नाही: इंपेलरची पाती तुटली असेल तर तुटलेले तुकडे मोजा. नवीन चाक बसवून मोकळे होऊ नका. ते तुकडे पुढे कूलरच्या नळ्यांच्या तोंडाशी जाऊन अडकलेले असतात आणि मग नवीन इंपेलर घालूनही इंजिन तापतंच, माणूस वेडा होतो, मिस्त्री हेड उघडायला सांगतो. सहा पात्यांचे सहा हिशेब लागले पाहिजेत. बसवताना पात्यांना भांडी घासायचा लिक्विड साबण नाहीतर ग्लिसरीन लावा, साधं ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगतं.

आउटबोर्डमध्ये अजून एक, बाजूची धार बंद झाली म्हणजे दर वेळी पंपच गेला असं नसतं, ते भोकच बुजलेलं असू शकतं. मीठ बसतं, वाळू बसते, आणि मशीन महिनाभर उभं असेल तर कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते. जाड तंगूस घ्या, आपला जाळ्याचाच नायलॉनचा दोरा, आणि भोकात घालून दोन-तीनदा मागेपुढे करा. तारेने नको, आत टोचतं. आणि उथळ पाण्यात मशीन अर्धवट वर उचलून चालवत असाल तर पाणी घ्यायची जाळी खरंच पाण्याखाली आहे का ते बघा, कितीदा तेवढंच कारण निघतं.

तापण्याची तऱ्हा काय आहे त्यावरूनही बरंच कळतं. चांगलं चालता चालता एकदम तापलं तर पाणी तुटलंय: पिशवी, बेल्ट, इंपेलर, फुटलेला पाईप. गेले दोन महिने हळूहळू काटा पाच-दहा अंश जास्त दाखवतोय आणि फुल रेसला गेलं की चढतो, हळू चाललं की उतरतो, तर कूलरच्या नळ्यांत क्षार बसलाय, नाहीतर बोटीच्या तळाला शेवाळ-शिंपले एवढे धरलेत की इंजिनला बोट ओढवत नाही, तिथे सोबत काळा धूरही दिसेल. एक्झॉस्टच्या ज्या कोपऱ्यात पाणी धुरात मिसळतं तो कोपरा आतून काजळी आणि मीठ बसून बारीक झाला तरी असंच होतं, आणि तो कोणी उघडून बघतच नाही. याउलट हळू चालताना तापतंय आणि रेस दिल्यावर बरं होतं तर इंपेलर झिजलाय, कमी स्पीडला त्याला पाणी उचलत नाही. चालू केल्या केल्या पाच मिनिटांतच चढतंय तर गोड्या पाण्याच्या बाजूला हवा अडकलीय किंवा थर्मोस्टॅट अडकलाय. टाकीत बुडबुडे येतायत, ऑइल काढून बघितलं तर दुधाच्या चहासारखं दिसतंय, तर हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाखालची सील, उडालंय, मग ते इंजिन चालवूच नका, ओढून आणा.

थर्मोस्टॅटवरून आठवलं. आपल्याकडे एक रिवाजच पडलाय की इंजिन तापलं की थर्मोस्टॅट काढून फेकायचा. हे मला अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे आत मेण भरलेली झडप, मेण तापलं की फुगतं आणि झडप उघडते, गार असलं की बंद. तो काढला की इंजिन कायम गार चालतं, डिझेल अर्धवट जळतं, धूर, काजळी, ऑइलमध्ये पाणी धरणं, आणि काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की पाणी जवळच्या आडवाटेने परत फिरतं आणि कूलरकडे जातच नाही, म्हणजे तापू नये म्हणून काढला आणि त्यामुळेच तापलं. शंका असेल तर काढून पातेल्यात पाण्यात टाका, गॅसवर ठेवा, थर्मामीटर सोडा, त्याच्यावर जो आकडा छापलाय त्याच्या आसपास उघडायला लागतो का बघा. पंधरा मिनिटांत निकाल. खराब असेल तर नवीन घाला.

गोड्या पाण्याच्या टाकीत काय भरायचं हाही किनारपट्टीचा खास प्रश्न आहे. समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं, तेच लोक टाकीत भरतात, आणि मग दोन वर्षांनी आत चुन्याचे थर. कूलंट आणा, तयार मिसळलेला मिळतो, नाहीतर बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणून त्यात कूलंट मिसळा. कूलंट थंडीच्या देशात बर्फ होऊ नये म्हणून असतो, आपल्याला काय करायचाय, असं म्हणणारे भेटतात. आपल्याला तो गंज होऊ नये म्हणून आणि पाणी जरा उशिरा उकळावं म्हणून हवा.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट, जी तापलेल्या इंजिनबरोबर नेहमी घडते. इंजिन थंड झालं, चालू होत नाही, म्हणून माणूस सेल्फ मारत बसतो, मारत बसतो. ज्या बोटीत खारं पाणी एक्झॉस्टमध्ये सोडलेलं असतं तिथे सेल्फवर फिरतानाही पंप पाणी ढकलतोच, पण इंजिन पेटलेलं नसल्याने ते पाणी बाहेर फेकायला धूर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पिस्टन वर आला आणि वर पाणी असलं तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून दोन-तीनदा सेल्फ मारूनही चालू नाही झालं तर खाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा आणि मग प्रयत्न करा, आणि पेटलं की त्याच सेकंदाला कॉक उघडा, नाहीतर इंपेलर जळेल. एक माणूस कॉकवर हात ठेवूनच बसवा.

आपल्याकडे पावसाळ्यात, साधारण जून-जुलैत, इंजिनच्या बोटींची मासेमारी बंद असते, होड्या वर काढून शाकारून ठेवतात, आणि नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच फेरीत इंजिनं तापतात, दर वर्षी हेच. कारण दोन-तीन महिने इंपेलरच्या पात्या एकाच बाजूला दुमडलेल्या राहतात आणि रबर तसंच बसतं, आत राहिलेलं खारं पाणी सुकून मीठ होतं. वर काढतानाच खाऱ्या बाजूची लाईन गोड्या पाण्याने धुवून रिकामी करायची, इंपेलर काढून कापडात गुंडाळून ठेवायचा, कूलरमध्ये जो जस्ताचा तुकडा बसवलेला असतो तो काढून बघायचा, तांब्याच्या नळ्यांऐवजी गंज त्याला खाऊ दे म्हणून तो असतो, निम्मा संपला असेल तर बदलायचा, एवढ्याशा जस्तासाठी पूर्ण कूलर घालवलेले लोक मला माहीत आहेत. बोटीत कायम एक डबा ठेवा, त्यात एक जादा इंपेलर, एक बेल्ट, दोन-तीन क्लिपा, रबरी पाईपचा तुकडा, पाना, तंगूस, आणि वेगळा पाच लिटर गोड्या पाण्याचा कॅन ज्याला कोणी तोंड लावणार नाही.

आउटबोर्डवाल्यांनी पाण्यात जायच्या आदल्या दिवशी मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात लावा, पाणी घ्यायची जाळी पूर्ण बुडली पाहिजे, दहा मिनिटं हळू चालवा आणि धारेखाली हात धरा. सुरुवातीला गार लागेल, मग थर्मोस्टॅट उघडला की कोमट, जरा गरम. हात ठेवता येत नाही इतकी कढत लागली किंवा धार थांबून थांबून आली तर तिथेच बंद करा आणि पंप उघडा, ते मशीन उद्या पाण्यात न्यायचं नाही.